रोल बसला का?

सोलापूरच्या सात रस्त्यावर परगावचा माणूस पहिल्यांदा उभा राहिला की तो हमखास रस्ते मोजतो. कुणाला सहा सापडतात, कुणाला आठ. एकाला तर रिक्षा स्टँडमागचा बोळ धरून नऊ सापडले होते. ज्याला नेमके सात सापडतात तो बहुधा सोलापूरचाच असतो, आणि त्यानं ते मोजलेले नसतात. वीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या नोटा मोजून माझं एक मत झालं आहे. बेरीज आधीच नावात लिहून ठेवलेली असेल तर माणसानं मोजायच्या भानगडीत पडू नये. उगाच फरक निघतो आणि मग तो शोधत बसावं लागतं.

तरी सात रस्त्याचं एक बरं आहे. चुकलात तर फार तर विजापूर रोडला लागाल. चार पावलांवर कुणीतरी भेटेलच. तो आधी "काय बे, कुठं चाललास?" असं दरडावून विचारेल आणि मग स्वतःचं काम सोडून पोहोचवायला येईल. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यात फिल्मचा रोल भरताना मात्र ही सोय नाही. तिथं रस्ता एकच, तोही हातभर लांबीचा नाही, आणि फिल्म तो चुकली तरी तुम्हाला कुणी काही सांगत नाही. कॅमेरा नेहमीसारखा 'खट्' म्हणतो. समोरचे हसतात. तुम्ही धन्यवाद म्हणता. आणि आत काहीही घडलेलं नसतं. सरकारी समित्यांचा अहवाल वाचलेल्या माणसाला ही अवस्था नवीन वाटणार नाही.

रेंजफाइंडर म्हणजे काय, हे हल्लीच्या मुलांसाठी सांगायला हवं. या कॅमेऱ्यात ज्या खिडकीतून आपण बघतो ती वेगळी आणि ज्या लेन्समधून फोटो निघतो ती वेगळी. खिडकीत मधोमध एक पिवळसर चौकोन असतो, त्यात समोरच्या माणसाच्या दोन प्रतिमा दिसतात. लेन्सची कडी फिरवत त्या दोन्ही एकमेकींवर आणून बसवल्या की फोकस जमला. पत्रिका जुळवण्यापेक्षा सोपं काम आहे आणि निकालही अधिक खात्रीचा. मात्र बघणारा डोळा आणि फोटो काढणारा डोळा वेगवेगळे असल्यामुळे लेन्सवरचं झाकण न काढता आख्खा रोल संपवण्याची सोय या कॅमेऱ्यात जन्मजात आहे. खिडकीतून सगळं लख्ख दिसत असतं. फोटोग्राफर नवरदेवाला "मान जरा वर" म्हणत असतो आणि लेन्स टोपीखाली शांत झोपलेली असते.

पण झाकणाची चूक निदान बाहेरून दिसते. एखादा चुणचुणीत पोरगा ओरडतो, "काका, टोपी!" रोलची चूक आतली. म्हणून तिचा इतिहास पाहायला हवा, आणि तो इतिहास निम्मा आपल्या महाराष्ट्रातून जातो.

या कॅमेऱ्यातली 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म मुळात फोटोसाठी जन्मलीच नव्हती. ती सिनेमाची. एडिसनकडे काम करणाऱ्या डिक्सन नावाच्या गृहस्थांनी 1890 नंतरच्या एक-दोन वर्षांत ईस्टमनची रुंद फिल्म उभी चिरून निम्मी केली आणि दोन्ही कडांना छिद्रं पाडली. सिनेमाच्या एका चित्रामागे एका कडेला चार छिद्रं. या छिद्रांत दातेरी चाकाचे दात अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. सगळा कारभार या दात आणि छिद्रांच्या विश्वासावर चालतो. दात छिद्रात बसला नाही तर चाक फिरतं आणि फिल्म जागच्या जागी राहते. आंधळं दळतं, एवढंच. पीठ खायलासुद्धा कुणी नसतं.

दादासाहेब फाळके 1912 साली लंडनहून परतले. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून गेले होते. अशा कर्जाच्या अर्जावर 'कारण : सिनेमा' असं लिहिलेलं वाचून आमच्या साहेबांचा चेहरा कसा झाला असता, हे मी अनेकदा कल्पून पाहिलं आहे. त्यांनी विल्यमसन कंपनीचा कॅमेरा मागवला आणि त्याच्या जोडीला छिद्रं पाडायचं यंत्रही. कारण कच्ची फिल्म तेव्हा कोरी यायची, छिद्रं आपली आपण पाडून घ्यायची. आता फिल्म म्हटली की उजेडाचा शत्रू. ते काम अंधारात करायचं. आणि ते केलं सरस्वतीबाई फाळक्यांनी. दिवसभर घरचं आणि शूटिंगच्या मंडळींचं रांधून-वाढून झाल्यावर ही बाई अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला छिद्रं पाडायची. ती धुवायला आणि कॅमेऱ्यात भरायलाही शिकली.

मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे इथं मला राहवलं नाही, हिशेब मांडला. एका फुटात सोळा चित्रं. एका चित्राला दोन्ही कडांची मिळून आठ छिद्रं. म्हणजे फुटाला 128. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे 3,700 फुटांचा होता असं सांगतात. झाली की नाही पावणेपाच लाख छिद्रं? यंत्र एका दाबात एकाहून अधिक पाडत असेल, तो भाग सोडा. वाया गेलेली फिल्मही मी धरलेली नाही. 3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये हा सिनेमा लागला तेव्हा लोकांनी पडद्यावरचा सत्यवचनी राजा पाहिला. तारामतीचं काम अण्णा साळुंके या पुरुषानं केलं होतं, तेही पाहिलं. पडद्याच्या कडेला, न दिसणाऱ्या जागेत एका खऱ्या बाईचे पावणेपाच लाख टाके होते, ते कोण पाहणार? पण त्यातला एकेक टाका जागेवर पडला होता म्हणून राजा चालला.

याच सुमारास, म्हणजे 1913-14 मध्ये, तिकडे जर्मनीत वेट्झलर गावी लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचा कारागीर एक खटाटोप करत होता. त्याला डोंगर चढून फोटो काढायची हौस आणि जोडीला दमा. त्या काळचा काचेच्या प्लेटांचा कॅमेरा म्हणजे तिकाटण्यासकट एका हमालाचं ओझं. दम्यानं त्याला अक्कल दिली. सिनेमाचीच फिल्म घ्यावी, ती उभी न चालवता आडवी चालवावी, एका फोटोला चाराऐवजी आठ छिद्रं द्यावीत, म्हणजे चित्र दुप्पट मोठं होईल : 24 बाय 36 मिलिमीटर. कॅमेरा कोटाच्या खिशात मावला. मधे महायुद्ध आलं, मग चलनफुगवटा आला, आणि शेवटी 1925 साली लाइपझिगच्या जत्रेत 'लायका' बाजारात आला. लाइट्झचा 'लाय' आणि कॅमेऱ्याचा 'का'.

1925 हे साल आपल्याकडेही लक्षात ठेवण्याजोगं आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' त्याच वर्षीचा. बाबूरावांनी तर कॅमेराही आपल्या लोकांना घेऊन कोल्हापुरातच घडवला होता. एकीकडे वेट्झलरचे कसबी कारागीर, दुसरीकडे कोल्हापूरचे, आणि दोघांच्या हातात तीच पस्तीस मिलिमीटरची छिद्रांची पट्टी. 'सावकारी पाशा'त कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी व्ही. शांताराम झाले होते. कर्ज खात्यात बसणाऱ्या प्रत्येकाला हा चित्रपट नोकरीच्या पहिल्या आठवड्यात दाखवावा, असं माझं जुनं मत आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.

तर हा लायका. बार्नाकनं त्याला मागे दार ठेवलंच नाही. फिल्म सपाट राहावी आणि अंग मजबूत असावं म्हणून रोल तळाकडून आत सरकवायचा. बूट काढून मोजा घालावा तसा नव्हे, मोजा आधीच पायात आहे आणि त्यावरून दुसरा मोजा न बघता चढवायचा आहे, असं ते काम. त्यासाठी फिल्मचं पुढचं निमुळतं टोक लांब कापावं लागतं, चांगलं दहा सेंटिमीटरभर. आजच्या रोलला कारखान्यातून येताना ते आखूड असतं. ते तसंच आत ढकललं तर फिल्मची कड आत अडकते, छिद्रं फाटतात, आणि तुकडे शटरमध्ये जातात. लायकावाले खिशात कात्री बाळगत. काही चतुर मंडळी आत व्हिजिटिंग कार्ड सरकवून त्याच्या आधारानं फिल्म उतरवत. कारकुनाला व्हिजिटिंग कार्ड छापून देण्याचं हे एकच सयुक्तिक कारण मला आजवर सापडलं आहे.

बरं, रोलही तेव्हा तयार मिळत नसे. अंधाऱ्या खोलीत लांब फिल्म कापून आपल्या डबीत आपणच भरायची. 1934 मध्ये कोडॅकनं उजेडात भरता येईल अशी तयार डबी काढली आणि जग सुटलं. आपण मात्र लगेच सुटलो नाही. आयात बंद, फिल्म महाग. शंभर फुटी मोठं रीळ आणायचं, त्यातून छत्तीसचे अठराएक रोल काढायचे आणि वापरलेल्या डब्यांत भरून विकायचे, हा आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांचा उद्योग पुढे कित्येक वर्षं चालला. उटीला 1960 मध्ये हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, 1967 पासून तिथं माल निघू लागला, 'इंदू' नावाची देशी फिल्म आली. आता तो कारखाना बंद आहे. पण एका पिढीचे शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचे चेहरे 'इंदू'नंच जपले.

रोल भरणं सोपं करायचे प्रयत्न जगभर चालूच होते. 1932 मध्ये झाइसच्या काँटॅक्सनं कॅमेऱ्याची पाठच काढून ठेवता येईल अशी सोय केली. त्याच वर्षी लायकाला जोडलेला रेंजफाइंडर मिळाला. 1954 च्या लायका एम-3 नं पाठीला एक छोटी झडप दिली, म्हणजे आत काय चाललंय ते निदान दिसावं, पण रोल खालूनच! जर्मन माणूस चूक कबूल करतो, मात्र हप्त्याहप्त्यानं. रशियानं लायकाची नक्कल करून 1934 पासून 'फेड' कॅमेरा काढला. खार्कोव्हजवळच्या निराधार मुलांच्या वसाहतीत तो बने, आणि नाव कुणाचं, तर रशियाच्या गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स एडमंडोविच झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांचं. फोटो काढताना "हसा" म्हणायला जीभ रेटणार नाही असं नाव. पुढे याच फेड आणि झोर्की कॅमेऱ्यांवर सोनेरी मुलामा चढवून, जर्मन शिक्के ठोकून लोकांनी ते 'अस्सल लायका' म्हणून विकले. खोटी नोट ओळखायला आम्हाला दिवा दिलेला असतो. खोटा लायका ओळखायला मात्र खरा लायका पाहिलेला असावा लागतो, आणि तेवढा पैसा असलेला माणूस फसत नाही. शेवटी 1965 मध्ये जपानच्या कॅननला दया आली. त्यांनी फिल्मचं टोक खुणेपर्यंत ओढा आणि दार लावा, एवढ्यावर काम आणून ठेवलं.

हे सगळं कशासाठी? तर क्षण परत येत नाही म्हणून. 30 जानेवारी 1948 च्या दुपारी दिल्लीत हेन्री कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच फोटोग्राफर लायका घेऊन गांधीजींना भेटला. तो तिथून निघाला आणि थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. तो धावत परत आला. बिर्ला हाऊसच्या फाटकावर उभे राहून गर्दीला ती बातमी सांगणारे पंडित नेहरू त्याच्या फोटोत आहेत. अंधार, गर्दी, थरथरता उजेड. त्या गर्दीत उभं राहून रोल बदलणारा माणूस डोळ्यांपुढे आणा. छिद्रात दात बसला होता, म्हणून ती संध्याकाळ आपल्याकडे आहे.

आमच्याकडे एक संध्याकाळ नाही.

1988 चा जानेवारी. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. आमच्या थोरल्या काकांनी ओळखीतल्या एका दुबईवाल्याकडून जपानी रेंजफाइंडर घेतला होता. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला आजी नेहमी जायची. त्या वर्षी तिला नवं इरकल नेसवलं, कपाटातली ठुशी काढली. आजीचा फोटो तोवर कधीच काढलेला नव्हता. रेशन कार्डाला लागत नव्हता आणि बँकेत तिचं खातं नव्हतं. काकांनी तिला तळ्याच्या कठड्याशी उभं केलं, एकटीला, मग नातवंडांसकट, मग सातही नंदीध्वज मागे धरून, मग संमती कट्ट्याकडे तोंड करून हात जोडलेली. पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांनीसुद्धा पोझ दिली. मी नऊ वर्षांचा, माझ्याकडे झाकण सांभाळायचं खातं होतं.

छत्तीस झाले. रोल संपेना. काकांनी सदतीसावा काढला, अडतीसावा काढला. बेचाळीसपर्यंत गेले आणि त्यांचा चेहरा फुलून आला. "बघा, याला म्हणतात जपानी माल! छत्तीसच्या रोलमध्ये बेचाळीस!" रोल उलटा गुंडाळताना दोन-चार वेढ्यांतच कळ मोकळी फिरू लागली, तेव्हा त्यांनी त्याचंही कौतुक केलं. किती गुळगुळीत आहे म्हणून.

चार दिवसांनी सात रस्त्याजवळच्या स्टुडिओवाल्या मामांनी धुतलेली फिल्म उजेडासमोर धरली. काचेसारखी स्वच्छ. कडेला कंपनीनं आधीच घातलेले आकडे तेवढे उमटले होते : एक, दोन, तीन... छत्तीस. खातेवहीत अनुक्रमांक होते, नोंद एकही नव्हती. मामा हळूच म्हणाले, "रोल बसलाच नाही की ओ." फिल्मचं टोक गुंडाळणीतून पहिल्याच ओढीला निसटलं होतं. छत्तीस फोटोंच्या पट्टीला दोन्ही कडांची मिळून 576 छिद्रं असतात. त्यातलं एकही दाताखाली आलं नाही.

काका पुढच्या वर्षी परत काढू म्हणाले. पुढच्या यात्रेपर्यंत आजी राहिली नाही.

आता आमच्या घरात आजी कशी दिसायची यावर चार मतं आहेत. आत्या म्हणते, माझ्यासारखी. धाकटे काका म्हणतात, तिच्यासारखी मुळीच नाही. आईला तिच्या हाताच्या नसा आठवतात. मला इरकलीचे लाल काठ आणि डोळे मिटून जोडलेले हात आठवतात, पण चेहऱ्याच्या जागी येऊन गडबड होते. थोरले काका या चर्चेत बोलत नसत. ते उठून पाणी प्यायला जात.

यातून बँकेतल्या माणसाला जे कळायचं ते मला कळलं. कॅमेऱ्यावरचा आकडा फोटो मोजत नाही, तो तुम्ही दांडी किती वेळा ओढलीत ते मोजतो. आमच्याकडे वहीतली शिल्लक आणि ड्रॉवरमधली रोकड या दोन वेगळ्या गोष्टी मानतात, आणि संध्याकाळी दोन्ही जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही. वही कधी रुसत नाही, ती लिहाल ते दाखवते. ड्रॉवर उघडून बघावं लागतं. कॅमेऱ्याचा ड्रॉवर मात्र मधेच उघडता येत नाही, उघडला तर होतं ते सगळं उजेडात जळतं. मग ताळा कसा करायचा?

ती सोय जुन्या लोकांनी करून ठेवली आहे. मागच्या दाराच्या कॅमेऱ्यात रोल सावलीत भरायचा. डावीकडची कळ वर ओढून डबी खाली बसवायची, कळ पुन्हा खाली. फिल्मची निस्तेज बाजू लेन्सकडे. टोक उजवीकडच्या गुंडाळणीच्या फटीत नीट खुपसायचं. दार लगेच लावायचं नाही. दांडी हळू ओढून, वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांच्या छिद्रांत दात बसलेले डोळ्यांनी बघायचे. मग दार लावायचं. आता डावीकडची कळ बाणाच्या दिशेनं अगदी हलक्या हातानं फिरवायची, ढील संपून ती अडेपर्यंत, जोर न करता. आणि नंतर दोन कोरे फोटो घेताना नजर ठेवायची ती त्या कळीवर. दांडी ओढली की ती आपोआप उलटी फिरली पाहिजे. ती फिरली म्हणजे डबीतून फिल्म निघते आहे. नाही फिरली, तर समोर राष्ट्रपती उभे असले तरी त्यांना थांबवा. आकडा काहीही म्हणो. रोल सोडवताना कळ दोन वेढ्यांत मोकळी झाली, तर माल गुळगुळीत नाही, पाटी कोरी आहे. आणि छत्तीसचे चाळीस होऊ लागले तर हर्ष करू नये. जगात कुठलीही कंपनी सहा फोटो फुकट देत नाही.

काकांचा तो कॅमेरा त्यांच्या पश्चात सोलापुरी चादरीत गुंडाळून माळ्यावर पडून होता. गेल्या वर्षी आमच्या भाच्यानं खाली काढला. या मुलांना हल्ली फिल्मचं वेड लागलंय, खिशातल्या फोनमध्ये दहा हजार फोटो असताना छत्तीससाठी पैसे मोजतात. दाराच्या कडेचा स्पंज विरघळून काकवी झाला होता. तो त्यानं खरवडून नवा लावला. रोल भरला तेव्हा मी शेजारी बसलो होतो, पण हात लावला नाही. त्यानं दोन्ही कडांचे दात बघितले, दार लावलं, ढील काढली, दांडी ओढली. डावीकडची छोटी कळ पाव वेढा फिरली आणि थांबली.

"फिरली की ओ मामा," तो म्हणाला.

पहिला फोटो त्यानं माझ्या आईचा काढला, भाजी निवडताना. रोल धुवायला पुण्याला पाठवावा लागतो आणि यायला तीन आठवडे लागतात, हे ऐकून आई म्हणाली, "तीन आठवडे? मग दोन कॉप्या काढ. एवढी वाट बघायला लावतोस तर एक आत्याला दाखवायला ठेवू, म्हणजे भांडण नको."